पुढचे दोन, मागचे दोन

बसप्पांनी रबराच्या तुकड्यावर अंगठ्याचं नख रोवलं. ते आत गेलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. नखाचं टोक पांढरं पडलं, रबरावर मात्र ओरखडासुद्धा उमटला नाही.

तो तुकडा त्यांच्याच दुकानातला होता. मुरुमच्या बाजारात चाळीस वर्षं ते झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवून देत होते. मे महिन्यातल्या डांबरावर टिकावं म्हणून ते मुद्दाम कडक रबर निवडत. त्यांच्या मुलीनं, शिवप्रियानं, तो तुकडा रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला होता आणि आता बर्फ भरलेल्या स्टीलच्या डब्यातून दुकानात आणला होता. डब्यात आणखी एक तुकडा होता. बर्फात चालणाऱ्या टायरचा, मनालीच्या एका गॅरेजवाल्यानं कुरिअरनं पाठवलेला.

बसप्पांनी त्यावर नख दाबलं. ते सहज रुतलं.

"हेबी फ्रीजमधलंच?"

"दोन्ही एकाच डब्यात होते, आप्पा."

ही सगळी चौकशी एका मैत्रिणीसाठी आहे, असं तिनं आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मैत्रीण मातीची तपासणी करणारी, हिमाचलात, लाहौलच्या संशोधन केंद्रात रुजू होणार, स्वतःची छोटी गाडी घेऊन. त्यातली मैत्रीण तेवढी खोटी होती. तिथल्या नेमणुकीचं पत्र शिवप्रियालाच आलं होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा आई जाऊन महिनाच झाला होता. तिनं नकार कळवला. पुढच्या वर्षी आप्पांना एकटं सोडवेना. आता तिसरं पत्र पर्समध्ये होतं, आणि होकार आज पाचपर्यंत कळवायचा होता. साडेतीन वाजून गेले होते. आप्पांना सांगितल्याशिवाय कळवायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

बसप्पा चष्मा लावून मऊ तुकड्यावरच्या बारीक चिरा पाहत होते. एवढ्या बारीक खाचा कशाला, असं त्यांनी विचारलं. काळ्या रानात अशी खाच चिखलानं भरली की टायर मेलाच. म्हणून तर ते रुंद खाचा ठेवत. शिवप्रियानं सांगितलं, बर्फात खाच भरलेलीच बरी. आतला बर्फ खालच्या बर्फाला धरतो.

"उलटंच की सगळं," ते म्हणाले. पण तुकडा त्यांनी खाली ठेवला नाही.

मग ते नेहमीच्या सल्ल्यावर आले. लहान गाडीचं इंजिन पुढची चाकं ओढतं, तर नवे टायर पुढं दोन घालायचे, मागं जुने चालतात. ईटपासून उमरग्यापर्यंत त्यांनी हेच सांगितलं होतं आणि चिखलात कुणाची गाडी अडली नव्हती.

शिवप्रियानं खडू घेऊन फरशीवर घाटाचा उतार काढला, त्यावर गाडी काढली. चढताना ठीक आहे, ती म्हणाली. उतरताना ब्रेक लागला की पुढची चाकं धरतील, मागची धरणार नाहीत. मागचा भाग फिरून पुढं येईल. तिनं गाडीच्या मागून एक बाण काढला. तो दरीकडं गेला.

बसप्पांनी मऊ तुकडा त्या बाणाच्या टोकाशी ठेवला.

"घरी कोण हाय मैत्रिणीच्या?"

"वडील."

"त्यांना ठाव हाय का, पोरगी असल्या घाटात चाललीय ते?"

शिवप्रिया हातावरचा खडू झटकत राहिली.

बसप्पांनी बर्फाचे टायर मागवायला सोलापूरच्या टायरवाल्याचा नंबर काढला. मग फोन तसाच मांडीवर ठेवला.

"कसंय बाई, लोकाच्या पोरीला म्या दोनच सांगत आलो. तिच्या बापाला चालत असंल तर आपलं काय?" त्यांचा आवाज खाली आला. "माझी पोरगी निघाली असती, तर चार सांगितले असते. एकबी कमी न्हाय."

ते तिच्याकडं पाहत नव्हते. अंगठा फोनवर थांबला होता.

"बोल. दोन का चार?"

शिवप्रिया उभी राहिली. डब्यातला बर्फ वितळून तिच्या ओढणीचं टोक भिजलं होतं. तिनं ते पिळलं.

"चार," ती म्हणाली. "मी जातेय, आप्पा."