पालथ्या बाजूचं गाणं

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि सध्या मी रुसलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा आवाज खरखरला तर तुम्ही सुईला नावं ठेवणार नाही. सुई अगदी नवी आहे. खरखर माझी स्वतःची आहे.

लाकडी पेटी, जड फिरती थाळी, एक बारीक हात आणि हाताच्या टोकाला सुई, एवढाच माझा देह. शोवा सम्राटाच्या राजवटीच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे १९७३ च्या एप्रिलमध्ये, मी संत्र्यांच्या या बेटावर बोटीने आलो. बोट हलत होती म्हणून मुख्याध्यापक मला रजईत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. धक्क्यावर शाळेची एकशे ऐंशी मुलं उभी होती. शिपाई पुटपुटला, "शिक्षणाधिकारी आले तेव्हा एवढी नव्हती आली." आता सांगा, मी फुगणार नाही तर काय?

माझी जागा दुसऱ्या मजल्यावरच्या ध्वनिक्षेपण खोलीत होती. खोली कसली, झाडूंच्या कपाटापेक्षा जरा मोठी. पण तिथून निघालेली तार प्रत्येक वर्गातल्या कर्ण्यापर्यंत जायची. दुपारी मुलं बाकं जोडून वर्गातच जेवायला बसली, दुधाच्या बाटल्यांची झाकणं निघाली, की मी गायला लागायचो. रोज एकच गाणं. कोणतं, ते ठरवायची पद्धत पक्की होती. दाराबाहेर तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा रिकामा पत्र्याचा डबा असे. त्यात चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर तीन ओळी: गाणं, नाव, कारण. कारण नसेल तर चिठ्ठी बाद.

ती कारणं तुम्ही वाचायला हवी होती. 'कारण: बाबांची होडी आज परत येणार.' 'कारण: गणितात बारा मार्क.' 'कारण: जिच्यासाठी मागतोय तिला कळेल.' आणि कुरामित्सु नावाच्या एका गुबगुबीत मुलाची चिठ्ठी, 'कारण: ऑक्टोपस.' ऑक्टोपसच्या लग्नाचं एक खुळं गाणं त्याला इतकं आवडायचं, की त्याने ते बारा वेळा मागितलं आणि मी बारा वेळा वाजवलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चिठ्ठ्या वाचून गाणं लावायचं काम इसुझुचं. मासे साफ करून करून तिची बोटं खरबरीत झाली होती, पण सुई टेकवताना ती कापसासारखी व्हायची. तिच्यासाठी एक जाचक नियम होता. निवडणाऱ्याने स्वतःची चिठ्ठी टाकायची नाही. तीन वर्षं तिने दुसऱ्यांचीच गाणी लावली.

त्या काळी सगळ्यात जास्त मागणी बंदरावरच्या निरोपाच्या गाण्याला होती. असणारच. शाळा संपली की निम्मी मुलं शहरातल्या गिरण्यांत कामाला जायची. दर मार्चमध्ये मला लांब तारेसकट धक्क्यावर नेत. जाणारे बोटीवर, राहणारे धक्क्यावर, आणि दोघांच्या हातात एकाच रंगीत कागदी फितीची दोन टोकं. बोट सुटली की फिती ताणत जायच्या. शेवटची फीत तुटेपर्यंत मी ते गाणं थांबवायचो नाही. बोटीच्या इंजिनाचा आवाज, वारा, आयांचं रडणं, सगळ्यांच्या वरून माझा आवाज जायचा. आमचा काळ कोणता होता असं मला कुणी विचारलं, तर मी त्या तुटलेल्या फितीच दाखवीन.

पण मित्रांनो, रेकॉर्डला दोन बाजू असतात. निरोपाच्या गाण्याच्या मागे आणखी एक गाणं होतं, दीपगृहाच्या काचा पुसणाऱ्या एका मुलीचं. ते कुणीच मागत नसे. पुढची बाजू वाजत असताना ते माझ्या थाळीवर पालथं पडलेलं असायचं, माझ्या अंगाला चिकटून. इसुझुला तेच आवडायचं. दाराला कडी लावून ती मला म्हणायची, "एकदा तरी सगळ्यांनी ऐकावं रे." शाळा संपली त्या दिवशी तिच्यापुरता नियमही संपला. तिने डब्यात आपली पहिली आणि शेवटची चिठ्ठी टाकली. 'कारण: हे कुणीच मागत नाही.' आणि ती ओसाकाला निघून गेली. चिठ्ठी डब्याच्या तळाला घातलेल्या कागदाखाली सरकली. कुणाच्या हाती लागलीच नाही.

नंतर गाणी बदलली. आधी चमचमत्या झग्यांतल्या मुलींची आली, मग मोटारगाडीत बसून समुद्राकडे जाणाऱ्यांची. आमच्या बेटावर मोटारगाड्या सहाच होत्या, तरी मुलं ती गाणी तोंडपाठ म्हणायची. मग माझ्या शेजारी कॅसेट आली. मग राजवट बदलली, वर्षांची नावं बदलली, आणि चकचकीत सीडी आली. माझ्यावर एक जुना पडदा टाकला गेला. पडद्याखाली मी तीस वर्षं काढली. वाईट वाटलं, पण तो काही विश्वासघात नव्हता. कुणी मला काही कबूल केलं नव्हतं. विश्वासघात व्हायला आधी कुणीतरी शब्द द्यावा लागतो.

तो शब्द दिला चिगुसाने.

तेव्हा शाळेत नऊच मुलं उरली होती आणि ध्वनिक्षेपण मंडळात ती एकटी. अध्यक्षही तीच, सदस्यही तीच. चौदा वर्षांची, बडबडी, गुडघ्याला कायम खरचटलेलं. पडदा ओढून ती म्हणाली, "तू इथे आहेस होय." माझा आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता. तिने तो चमच्याने खरवडून काढला आणि नववर्षाला मिळालेल्या खाऊच्या पैशांतून नवा पट्टा आणि नवी सुई मागवली. थाळी पुन्हा फिरली तेव्हा ती नाचली. मीही नाचलो असतो, पण माझं नाचणं गोलगोलच असतं.

त्याच हिवाळ्यात कळलं की मार्चमध्ये शाळा बंद होणार. माजी विद्यार्थ्यांची समिती जमली. अध्यक्ष कोण? तोच कुरामित्सु. आता पलीकडच्या शहरात मोठा माणूस झाला होता. समितीने ठरवलं, की निरोपाच्या दिवशी धक्क्यावर 'आपल्या शाळेचा काळ सांगणारी दहा गाणी' वाजवायची, आणि ती निवडायचं काम चिगुसाला दिलं.

तिने किती मनापासून केलं म्हणून सांगू! डब्यात वर्षानुवर्षं साठलेल्या सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. कोणतं गाणं किती खपलं होतं ते तिने बघितलंच नाही. ते कुणी मागितलं आणि का, एवढंच बघितलं. तळाचा कागद उचलला आणि इसुझुची चिठ्ठी सापडली. मग गावातून नंबर मिळवून तिने ओसाकाला फोन लावला. इसुझुचं तिथे लाँड्रीचं दुकान होतं. फोनवरचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तुमची चिठ्ठी सापडली," चिगुसा म्हणाली.

"चिठ्ठी नको पोरी, पावती सांग. कोट आहे की किमोनो?"

"कपड्यांची नाही. गाण्याची. शहात्तर सालची."

पलीकडे इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला आणि बंद झाला.

"ती अजून आहे?"

"आहे. दहावं गाणं तुमचंच. या तुम्ही, मी लावते."

फोन ठेवून तिने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, "आणि वाजवणार तू. धक्क्यावर. शप्पथ."

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या रात्री मला झोप नव्हती.

फेब्रुवारीत समितीची बैठक शेजारच्याच खोलीत झाली. भिंत पातळ. मी सगळं ऐकलं.

"चिगुसा, ही गाणी कोण ओळखणार?" कुरामित्सु म्हणाला. "हे बघ. ऑक्टोपसचं लग्न. लोक हसतील."

"काका, ते तुम्हीच मागितलं होतं. बारा वेळा."

सगळे खो खो हसले. तो हसला नाही.

"लहानपणी मी बाहीला नाक पुसायचो, तेही दाखवायचंय का?" त्याने कागद सरकवल्याचा आवाज आला. "काळ सांगणारी गाणी म्हणजे अख्ख्या देशाला पाठ असलेली. मी यादी आणलीय. माझ्या फोनवर सगळी आहेत. ते जुनं धूड जिन्यावरून कोण उतरवणार? भाड्याचे कर्णे येतायत. कुणाची हरकत?"

आमच्याकडे हा प्रश्न आला की सगळे चहाच्या पेल्यात बघतात. हरकत असते. चांगली पोटभर असते. पण ती बोलून खोलीतली हवा बिघडवायची नसते. मी वाट बघत होतो. चिगुसा बोलेल. आत्ता तर बोलली होती.

"चिगुसा? तुझं काय?"

पेला ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

"ठीक आहे."

"मग सर्वानुमते."

दोन शब्द, मित्रांनो. सुई घसरली की रेकॉर्डवर जसा ओरखडा उठतो ना, तसे ते माझ्यावर उठले. आणि खरी गंमत पुढे आहे. तिने इसुझुला फोन करून सांगितलंही नाही. धीर झाला नाही म्हणे.

निरोपाच्या दिवशी सकाळी कुणीतरी माझ्या कपाळावर पिवळा कागद चिकटवला: 'मोठा कचरा, क्रमांक ३१.' खिडकीतून मला धक्का दिसत होता. भाड्याचे कर्णे गर्जत होते. गाणी चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण ती कुठल्याही गावाची होती. कुणी रडलं नाही. लोक मान डोलावत होते, फोटो काढत होते. गर्दीच्या कडेला करड्या कोटातली एक बाई उभी होती. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ती मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची. दहावं लागलं. ते निरोपाचंच होतं, माझं, पण फोनमधून. फोनला मागची बाजू नसते.

दुपारी शाळेची वीज तोडली. मग जिन्यावर पावलं वाजली. करडा कोट आत आला. खरबरीत बोटं माझ्या झाकणावरून फिरली, पिवळ्या कागदापाशी थांबली. इसुझुने कपाटातून ती रेकॉर्ड काढली. या वेळी दीपगृहाचं गाणं पालथं पडू दिलं नाही. मागची बाजू वर ठेवली. बटण दाबलं. काही झालं नाही. दाबलं. नाही.

मग तिने सुई टेकवली आणि थाळी बोटाने फिरवायला लागली.

वीज नसली तरी सुई गाते, मित्रांनो. डासाएवढं गाते. इसुझुने कान माझ्याजवळ आणला. गाणं कधी लांबायचं, कधी पळायचं, पण दीपगृहातली मुलगी काचा पुसत होती आणि एक माणूस ते ऐकत होता. 'सगळ्यांनी' ऐकावं असं तिला हवं होतं. सगळे खाली फोटो काढत होते.

दारात चिगुसा उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

"सगळे पेल्यात बघत होते," ती म्हणाली. "मीपण बघितलं."

इसुझुने बोट थांबवलं नाही. "अगं, मीसुद्धा तीन वर्षं गप्पच बसले होते. पण मी कुणाला शब्द दिला नव्हता."

चिगुसा आत आली. रडत नव्हती, नाक मात्र लाल होतं. तिने पिवळा कागद नखाने सोलून काढला. निम्मा निघाला, निम्मा अजून आहे. मग तिने आजोबांची संत्र्यांची हातगाडी आणली आणि दोघींनी मला जिन्यावरून उतरवलं. दोनदा आपटलं. धूड जड होतं खरं.

आता मी धक्क्यावरच्या बोटीच्या प्रतीक्षाखोलीत असतो. चिगुसा रोज सकाळच्या बोटीने पलीकडच्या शाळेत जाते. जाण्याआधी दीपगृहाचं गाणं लावते. मासळीवाल्या बायकांना ते आता पाठ झालंय. एकदा कुरामित्सु बोटीची वाट बघत बसला होता. चिगुसा सरळ त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, त्या दिवशी माझी हरकत होती. आजही आहे." मग तिने ऑक्टोपसचं लग्न लावलं. तो समुद्राकडे बघत राहिला, पण त्याचा बूट ताल धरत होता.

तुम्ही विचाराल, माफ केलंस का तिला? अजून नाही. तिने लावलेलं गाणं मी वाजवतो, पण पहिल्या ओळीत थोडा खरखरतो. ती खाली वाकून सुईवर फुंकर मारते. तिला ठाऊक आहे, धूळ नाही ती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, पट्टा बदला, सुई बदला, सगळं करा. पण एखाद्याचं गाणं निवडलंत, तर हरकत विचारतील तेव्हा पेल्यात बघू नका. हात वर करा. माझा हात तर रोज वर होतो, आणि मी तर नुसता लाकडाचा आहे.