नितळ पाण्याचा संशय

मी एक कापडी गाळणी बोलतेय. आधीच सांगते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. साधंसुधं दिसणारं पाणी पोटात काय काय घेऊन येतं, हे बघण्यातच माझा जन्म गेला. तेव्हा मला संशयखोर म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

माझं कापड रंगाईच्या कारखान्यातलं. कापडाच्या ताग्याच्या टोकाचा उरलेला पांढरा तुकडा कचऱ्यात चालला होता. तिथं धुलाई विभागात काम करणाऱ्या ताईंनी तो मागून घेतला, तारेच्या कड्यावर ताणून शिवला आणि आपल्या धाकट्या भावाला दिला. हा भाऊ म्हणजे ओढ्याकाठच्या विहारातले भंते. चारचौघांत ताई त्यांना ‘भंते’ म्हणत, दोघंच असले की थेट ‘अरे’वर येत.

भंते रोज सकाळी माझ्यातून पाणी गाळत. माझ्यात बारीक किडे, अळ्या, कसले कसले जीव अडकत. मग ते मला पालथी करून हलकेच ओढ्यात बुडवत आणि सगळी मंडळी आपापल्या वाटेनं निघून जात.

“भंते, एवढ्या वेळात आमचे दोन हंडे भरून होतात!” पाणी न्यायला आलेल्या बायका हसत.

“आपली तहान भागवताना दुसऱ्याचा जीव कशाला घ्यायचा?” म्हणत भंतेही हसत. घाई मात्र करत नसत.

कारखान्याचं सांडपाणी वरच्या अंगाला याच ओढ्यात येई. पूर्वी मी कधी निळी होऊन परतायची, कधी गुलाबी. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कारखान्यानं पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं. रंग यायचे थांबले. फाटकावर ‘निसर्ग आमचा सोयरा’ अशी पाटी झळकली. सोयरिकीची एवढी जाहिरात कशाला, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

एका सकाळी भंतेंनी मला पालथी केली, तर सोडायला काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. पाणी असं नितळ, की तळाचा खडा न खडा दिसावा. वस्तीला कोण आनंद झाला! भंते मात्र मला उजेडात धरून बघत राहिले.

“ज्या घरात कुणी राहत नाही, ते घर स्वच्छच दिसणार,” ते पुटपुटले.

नेमके त्याच दिवसांत मॅनेजरसाहेब विहारात आले. कारखान्याला शाश्वत विकासाचा पुरस्कार मिळणार होता. भंतेंनी समारंभात दोन चांगले शब्द बोलावेत, विहाराचं गळकं छप्पर कारखाना बदलून देईल. बोलणं नुसतं साखरेत घोळलेलं.

“येईन मी,” भंते म्हणाले. “छप्पर नको.”

संध्याकाळी ताई तणतणत आल्या. “अरे, छप्पर गळतंय ना तुझं? मग नाही कशाला म्हणालास? आता मला विचारतायत, तुमचा भाऊ आमच्यावर संशय घेतो का म्हणून!”

“ताई, पाण्यातले जीव कुठं गेले?”

“मला काय विचारतोस? मी धुलाईत असते, ओढ्यात नाही!”

रागारागानं त्यांनी मला खुंटीवरून ओढलं आणि मी टर्रकन फाटले. जोर तसा काही लावला नव्हता. ताई थबकल्या. त्यांनी माझं सूत बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा उतरला. हा वास अंगावर घेऊनच त्या रोज घरी जात. सूत खाणाऱ्या ब्लीचिंग पावडरचा.

“मागच्या टाकीकडे पावडरची पिंपं जातात हल्ली,” त्या खाली बसत म्हणाल्या. “टाकी धुवायला असतील असं वाटलं. म्हणजे... वाटून घेतलं मी. ते यंत्र बंदच असतं रे. वीज फार खातं. पावडर ओतायची, रंग उडवायचा आणि पाणी सोडून द्यायचं.”

भंतेंनी माझी फाटकी कड सारखी करून मला मांडीवर घेतलं.

“मी तोंड उघडलं तर माझी एकटीची नोकरी नाही जाणार. सगळ्यांचीच जाईल.”

“तू बोलू नकोस. मी विचारीन.”

समारंभात भंतेंनी मला वर धरलं आणि पाण्यातले जीव कुठं गेले, हाच प्रश्न विचारला. मॅनेजरसाहेब हसले. “भंते, जीव मरू नयेत म्हणूनच गाळता ना तुम्ही? आता मरायला कुणी उरलंच नाही. तुमचं काम सोपं झालं!”

सभा खो खो हसली. तेवढ्यात कामगारांच्या रांगेतून ताई उभ्या राहिल्या. “साहेब, मागच्या टाकीतल्या पिंपांचंही सांगा की.”

तपासणी झाली आणि कारखान्याला टाळं लागलं. मग माणसांचे रंग दिसले. भंते भिक्षेला निघाले की दारं लागत. शेजारीण ताईंना तोंडावर म्हणाली, “भाऊ भिक्षा मागतो, आता आम्हालाही मागायला लावा!” ताई विहारात येऊन पोटभर रडल्या.

भंते कारखान्याच्या मालकांकडे गेले. “चुलीसाठी ओढा मारू नका आणि ओढ्यासाठी चुली विझवू नका. कारखाना चालवा, यंत्रही चालवा.”

“बघू,” मालक म्हणाले. त्यांचा तो ‘बघू’ मला मुळीच आवडला नाही. भंतेंनाही आवडला नसावा, कारण ते रोज त्यांच्या दारात जाऊन बसू लागले. अखेर मालक नमले. यंत्राच्या खोलीची किल्ली कामगारांकडे आली आणि कारखाना सुरू झाला. ताईंना धुलाईतून काढून घड्या घालायच्या कामावर बसवलं. शेजारीण अजून तोंड फिरवते. मॅनेजरसाहेब मात्र बढतीवर दुसऱ्या कारखान्यात गेले. तिथल्या ओढ्याची मला काळजी वाटते.

परवा ताईंनी भावाला विचारलं, “आता तरी विश्वास ठेवशील ना रे?”

“ठेवतो की. पण गाळून पिईन.”

खुंटीवर आता नवी गाळणी आहे. माझं सूत पार विरलंय. भंते काहीच वाया घालवत नाहीत. स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग पडलीय, ती बुजवायच्या मातीत उद्या मला मळणार आहेत. माझी तक्रार नाही. फक्त भिंतीत गेल्यावर मला ओढा दिसणार नाही, म्हणून जाता जाता सांगते. पाणी नितळ दिसलं की लगेच ओंजळ भरू नका. जरा वाकून बघा, त्यात कुणी राहतंय का.