पाईकचा नागा

“अवो, पोट बघा याचं. दगडावानी लागून राह्यलं!” मालननं सरड्याला दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढं धरलं.

सरडा म्हणजे आपला कुंपणावरचा नव्हे. हा परदेशी, दाढीवाला, हातभर लांब, आमच्या दीपमालानं पुण्यात पाळलेला. तिनं नाव ठेवलं स्पाइक. मालनच्या तोंडी त्याचा पाईक झाला. घरमालकानं ‘एक तर तू राहा, नाहीतर सरडा’ असं सुनावल्यावर पोरीनं तो काचेच्या पेटीसकट जालन्याला आणून ठेवला आणि बजावलं, “महिनाभर बघते. तुम्हाला न्हाई जमलं तर मैत्रिणीला देऊन टाकते.” मालनला तो जाऊ द्यायचा नव्हता. पोरगी गेल्यापासून तिला आग्रह करून वाढायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं, आणि मी काय, ताटात पडेल ते मुकाट खातो.

दीपमालाचं सांगणं एवढंच होतं: तो मोठा झालाय, पाला रोज द्या, अळ्या मात्र दिवसाआड. मी नगरपालिकेत वॉलमन होतो. गल्लीगल्लीला पाणी सोडण्यात जन्म गेला, मला कोणी पाळी शिकवायला नको. मी मालनला सांगितलं, “एक दिवस पाळी, एक दिवस नागा.”

ती भडकलीच. “नागा म्हंजी उपासच न्हं? मामंजीनं बुद्धाची दीक्षा घेतली तवाच या घरातले समदे उपास गेले. एकादशी गेली, शनवार गेला. अन् आता सरड्याला उपास धरायला लावता व्हय?”

“आगं, सरड्याला कशाची आलीय एकादशी!”

“भूक तर हाय न्हं?”

तिचा भाऊ भारत धावड्याला रेशमाची शेती करतो. त्याच्याकडून डबाभर अळ्या यायच्या, पांढऱ्या, लुसलुशीत. नाग्याच्या दिवशी मी चौकात गेलो की मालन हळूच दोन-चार टाकायची, हे मला ठाऊक नव्हतं. ती दळणाला गेली की मीही टाकायचो, हे तिला ठाऊक नव्हतं. काय करणार? काचेला नाक लावून असा बघायचा गुलाम, की घास घशाखाली उतरत नसे.

आता तोच खाईना, हागेना, डोळे मिटून पडलेला. एकमेकांवर खेकसता खेकसता दोघांचीही चोरी बाहेर पडली. शेवटी भीत भीत दीपमालाला फोन लावला.

“माय, पोट तुंबलंय त्याचं! उपाशी न्हाई मरायचा तो, तुमच्या खाऊ घालण्यानं मरंल. कोमट पाण्यात बसव, पोट हळूहळू चोळ. रविवारी येऊन घेऊनच जाते त्याला.”

मालन डोळे पुसून उठली, पाणी तापवलं आणि पाईकला घमेल्यात बसवून बोटानं पोट चोळू लागली. जेवली नाही, मलाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुपारी घमेल्यातलं पाणी एकदम गढूळ झालं.

“झालं! अवो, झालं!” ती एवढ्यानं ओरडली की शेजारच्या दुर्गाबाई पळत आल्या. “कोन बाळंत झालं वं?”

माझा जीव भांड्यात पडला. हसू की रडू, कळेना.

तेव्हापासून मालननं नागा मोडला नाही. नाग्याच्या दिवशी ती त्याला मांडीवर घेऊन उन्हात बसायची. “आज न्हाई रे राजा, उद्या,” म्हणायची. पाईकही तिच्या लुगड्यावर हनुवटी टेकून निवांत पडायचा. काही न देताही तो तिच्याजवळ राहतो, याचं तिलाच नवल वाटलं.

रविवारी दीपमाला आली. सरड्याला उलटंपालटं करून पाहिलं आणि जेवायला बसली. दुसरी भाकरी संपली तसा मालनचा हात टोपल्याकडं गेला.

“बस, माय.”

आमच्या घरात हे ‘बस’ आजवर चाललेलं नाही. त्यावर आणखी एक भाकरी आणि वर बोलणी ठरलेली. पण मालननं हात मागं घेतला.

“बरं. भूक लागली तर सांग,” ती म्हणाली.

दीपमाला माझ्याकडं बघू लागली. मी आपला कालवणात बघत राहिलो. मग दीपमाला हळूच म्हणाली, “पाईकला राहू दे हितंच. माझ्यापरीस तूच बराबर बघशील.” आणि ताट पुढं सरकवलं. “अन् वाढ की आता. मला काय नागा हाय का?”

मालननं भाकरी मोडली. अर्धी लेकीच्या ताटात वाढली आणि अर्धी टोपल्यात झाकून ठेवली.