गोठ्यातला बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. साधासुधा नव्हे, घोड्यावर बसताना घालायचा, गुडघ्यापर्यंत चढणारा, उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ शेजारीच उभा आहे, पण तो जन्माचा अबोल, म्हणून दोघांची कहाणी मीच सांगतो.

माझा जन्म बेळगावच्या कॅम्पात शामू नावाच्या कारागिराच्या हातून झाला. कुणा काटकुळ्या गोऱ्या साहेबासाठी त्याने आम्हाला बेतले होते. साहेबाच्या पोटऱ्या म्हणजे नुसत्या काठ्या, तेव्हा आम्हीही तसेच अरुंद झालो. न्यायला येण्याआधीच साहेबाची बदली झाली आणि आम्ही दुकानाच्या भिंतीला लटकत राहिलो. चकाकी मात्र अशी होती, की येणारा-जाणारा एकदा तरी मान वळवायचा. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार गर्व होता.

एके दिवशी भुजबली आला. निपाणीजवळच्या खेड्यातला, तंबाखू पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा. त्याची सर्कल इन्स्पेक्टरच्या जागेवर निवड झाली होती. सर्कलने गावोगाव घोड्यावरून हिंडायचे, म्हणून बेळगावच्या मैदानावर घोडदौडीची परीक्षा द्यावी लागे, आणि तीही उंच बूट घालूनच. परीक्षेत नापास, तर जागा गेली. त्या घरात शाळा शिकून सरकारी नोकरीपर्यंत पोचलेला तो पहिलाच, तेव्हा साऱ्या गावाचे डोळे त्याच्याकडे लागले होते.

"घालून बघा की, साहेब," शामू म्हणाला.

"कशाला? हे बघा." असे म्हणून भुजबलीने मला आडवे केले आणि माझ्या तळाला आपला अनवाणी तळवा लावला. त्याच्या गावात पायताण असेच मापायचे. तळावर पाय ठेवायचा, टाच आणि अंगठा जुळला की झाले. "बघा, बरोब्बर!"

"अवं, ही चप्पल न्हवं, साहेब. बूट वरनं बी बसाय लागतोय."

"निपाणीची मोटार सुटंल, शामू. द्या बांधून."

घाईत आणि हौसेत माणूस कुणाचे ऐकतो का? तो मला छातीशी धरून घरी घेऊन गेला. दारातच त्याची आई तारामती उभी होती. ही बाई जैन धर्माने वागणारी, नेमाची पक्की. चामड्याच्या मोटेतले पाणीसुद्धा पीत नसे, स्वतः पोहऱ्याने शेंदून, कापडातून गाळून घेई. तिने मला पाहिले आणि दोन पावले मागे सरली.

"चामडं? उंबऱ्याच्या आत न्हाय, भुजा."

"आई, नोकरीचं हाय गं."

"नोकरीचं आसू दे, न्हायतर राजाचं आसू दे. गोठ्यात ठेव."

अशा रीतीने साहेबाच्या पायासाठी जन्मलेला मी म्हशीच्या शेजारी राहायला गेलो. तिचे नाव गंगी. तिच्या शेपटीचा पहिला फटकारा मलाच बसला.

दुसऱ्या दिवशी भुजबलीने मला पायात चढवले आणि खरी कटकट सुरू झाली. काळ्या रानात अनवाणी वाढलेले ते पाय, बोटे पसरलेली, पोटऱ्या भरलेल्या. पाय घोट्यापर्यंत आला आणि अडकला. आत जाईना, की बाहेर येईना. शेवटी शेजारचे आण्णाप्पा धावत आले. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून ओढले, तसा मी सुटलो, आण्णाप्पा दावणीवर आणि भुजबली शेणात.

"बूट हाय का सापळा रं?" आण्णाप्पा धापा टाकत म्हणाले.

तरी भुजबली रोज मला घालून आण्णाप्पांच्या तट्टावर बसायचा. पायाला मुंग्या येत, रिकीब पायाखाली आहे की निसटली हेच त्याला कळत नसे. एकदा बांधावरून तो असा पडला, की तट्टूसुद्धा वळून बघायला लागले. टाचा सोलल्या, फोड फुटले. मित्रांनो, मी चावत होतो हे खरे, पण माझाही जीव गुदमरत होता. शिवण उसवेल की काय अशी धास्ती मला रोज वाटे. आणि परीक्षा तर येत्या सोमवारी होती.

निपाणीच्या बाजारात कुणीतरी भुजबलीला युक्ती सांगितली. भिजवलेले हरभरे बुटात गच्च भरा, ते फुगले की चामडे ताणते. त्याने घरातले हरभरे आणून माझ्यात भरले. सकाळी धार काढायला आलेल्या तारामतीने ते पाहिले आणि तिच्या हातातली चरवी निसटली.

"अन्न पायतानात भरलंस? आनि ह्यो दाना जिता हाय रं! आज न्हाय तर उद्या मोड येतील. त्येच्यावर पाय ठिवनार तू?"

तिने भुजबलीला सगळे हरभरे काढायला लावले.  मग तो गव्हाणीवर बसला आणि पाय पोटाशी घेऊन रडू लागला. एवढा मोठा, शिकलेला माणूस. "आई, ऱ्हाऊ दे ती नोकरी. गावाला सांगतो, जमलं न्हाय म्हनून."

तारामतीची नजर त्याच्या टाचांवर गेली. त्या सोललेल्या टाचा तिने पहिल्यांदाच पाहिल्या. ती तशीच घरात निघून गेली.

भुजबली रानात गेल्यावर ती पुन्हा आली. गंगीसाठी शेंगदाण्याची पेंड मडक्यात भिजत घातली होती. फुगलेल्या पेंडीने वरचे दगडी झाकण उचलून धरले होते. तारामती त्या झाकणाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पेंड म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, त्यात जिता दाणा नाही आणि ते माणसाचे अन्नही नाही. तिने जुने लुगडे फाडून पिशव्या शिवल्या आणि त्यात ओलसर पेंड भरली. आता पिशव्या माझ्यात घालायच्या राहिल्या होत्या, आणि घरात दुसरे कुणी नव्हते.

तिचा हात माझ्यापाशी येऊन थांबला. जन्मात कधी तिने चामड्याला हात लावला नव्हता. ओठांत णमोकार मंत्र चालू होता.

"जनावर तर मरून गेलंय," ती मला म्हणाली, "आता माझ्या पोराचा तरी जीव कशाला घेतोस?"

आणि तिने मला धरले. पिशव्या घोट्यापासून पोटरीपर्यंत ठासून भरल्या, बाहेरून करडईचे तेल चोळले. पेंड हळूहळू फुगू लागली. ती ओढाताण नव्हती, घाई नव्हती, शिवणीला धक्का नव्हता. माझे आवळलेले अंग इंचाइंचाने सुटत गेले. कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. ती रोज पेंड बदलायची, सावलीत वाळवायची आणि मग न्हाऊनच घरात जायची.

सोमवारी तारामतीने भुजबलीला गोठ्यात ओढून आणले, आणि त्याचा पाय माझ्यात सुळकन उतरला. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या दिवशी मैदानावर घोडा दुडकत गेला, दौडत गेला, आडव्या ओंडक्यावरून उडाला, पण आमची रिकीब सुटली नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने मान हलवली. मला तर मोठ्याने हसावेसे वाटले!

घरी येऊन भुजबलीने सवयीने आम्हाला गोठ्यात नेऊन ठेवले. तेवढ्यात तारामती बाहेर आली. तिने आम्हा दोघांना उचलले, उंबरा ओलांडला आणि सोप्यात दारामागे ठेवले.

"आई, आगं चामडं..." भुजबली म्हणाला.

"चामडं कुठलं? माझ्या पोराला घोड्यावर धरून बसलंय ते."

त्यानंतर वर्षानुवर्षे आम्ही गावोगाव हिंडलो. पुढे तारामती गेली, भुजबलीला फिरायला मोटार मिळाली आणि आम्हाला माळ्यावर टाकले. तेल नाही, हात नाही. अंग वाळून कडक झाले, तडा जायची वेळ आली.

यंदा स्वराज्य आले. घराची साफसफाई करताना सून चंदना आम्हाला टाकून द्यायला निघाली, तर म्हातारा भुजबली म्हणाला, "थांब गं. गोठ्यात पेंड भिजलीय का?"

मित्रांनो, जे आवळते त्याला हिसडू नका आणि फेकूनही देऊ नका. आज माझ्यात पुन्हा ओली पेंड फुगते आहे, भुजबलीचे सुरकुतलेले हात मला तेल चोळत आहेत, आणि चोळता चोळता त्याच्या ओठांत णमोकार चालू आहे.