आठ आणि बावीस

दादाने माझ्याच कॅमेऱ्याचं महागडं मॉडेल घेतलं आणि वर मलाच हिणवायला लागला. दोन्हींत म्हणे मोठा फरक बफरचा. काढलेले फोटो कार्डावर उतरेपर्यंत कॅमेरा जिथे धरून ठेवतो, ती जागा. ती भरली की बटण कितीही दाबा, कॅमेरा ढिम्म.

"होऊन जाऊ दे एकदाचं," मी म्हणालो.

भिंतीचे कसले फोटो काढायचे, म्हणून आम्ही बाबांना दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं. त्यांनी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले.

"हसू का रे?"

"काहीही करा, फक्त थांबू नका!" दादा खेकसला.

माझा कॅमेरा आठ फोटोंतच गपगार झाला. दादाचा बावीसपर्यंत गेला. त्याने ऐटीत आकडे वहीत लिहिले आणि आम्ही दोन्ही कार्डं पुसून टाकली. चाचणीचे फोटो कोण ठेवतं?

परवा बाबा गेले. आई भिंतीवर लावायला फोटो मागतेय. घरात दोन-दोन फोटोग्राफर, आणि सापडला तो लायसन्सवरचा, नखाएवढा.

"तुझ्याकडे असेल ना एखादा?" दादाने मलाच विचारलं.

"बावीस तुझ्याकडे होते."

आई मध्येच म्हणाली, "तेच द्या की. महिनाभर मला विचारत होते, पोरांनी ते फोटो अजून दाखवले कसे नाहीत."