गाडी कीर्तीच्या नावावर

"ह्या लोकांनी गेट बारीक केलाय," सासरे स्टिअरिंगवर हात ठेवून पुटपुटले. मी शेजारीच बसले होते म्हणून मला ऐकू आलं. डावीकडचा आरसा नुकताच खांबाला घासून आत वळला होता.

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीचं गेट आम्ही राहायला आलो तेव्हा होतं तेवढंच आहे. तरी मी म्हटलं, "केलं असेल, बाबा." घरी नवऱ्याला सांगितलं, तर शिवाही म्हणाला, "कमिटीचा काय भरवसा."

आमच्या घरात खोटं एकटं कोणी बोलत नाही. एकानं सुरुवात केली की बाकीचे हातभार लावतात.

खरं एवढंच होतं की बाबांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले आणि शिवाला बाहेर बोलावून सांगितलं, समोरचं दिसतंय, बाजूचं गेलंय, ते आता परत येत नाही, गाडी चालवणं बंद करा. शिवा आत आला आणि म्हणाला, "बाबा, थेंब तेवढे वेळेवर घालायचे."

त्याला तरी काय बोलणार. नवं शहर आलं, त्यात मिठागर गेलं, भाताची जमीन गेली, तेव्हा गावातली बरीच माणसं ओट्यावर बसली ती बसलीच. बुधाजी, आमचे बाबा, मात्र चाळिशीत गाडी शिकले, टेम्पो घेतला, जासईच्या कंटेनर यार्डात भाडी मारली. त्यावर शिवा शिकला, घर झालं, मी त्या घरात आले. अशा माणसाला चावी खाली ठेवा म्हणायचं कोणी? शिवा म्हणे, तू सांग, तुझं ऐकतात. मी म्हणे, आई सांगतील. सासूबाई, म्हणजे भीमाबाई, म्हणायच्या, "लगीन झाल्यापासून मी सांगतंय, कदी आयकलंय त्यांनी?"

मग शिवाला युक्ती सुचली. गाडी कीर्तीला बक्षीस द्यायची. कीर्ती आमची मुलगी. उलव्यात नोकरीला लागलेली, लायसन्स काढलेलं. नाव बदललं की म्हातारा आपोआप मागच्या सीटवर जाईल, असा त्याचा हिशोब. मलाही पटला. न बोलता काम होणार असलं की मला सगळंच पटतं.

बाबांना विचारलं तर ते एका पायावर तयार. "नातीलाच देतंय ना, बाहेर थोडीच चाललीय?"

कागदांचं काम कॉलनीतल्या हेतलनं घेतलं. ती आरटीओची कामं करते. गाडीवर कर्ज नव्हतं, त्यामुळे फार खटपट नव्हती. दोघांच्या सह्या, आधार, विमा कीर्तीच्या नावावर, बस. तिच्या टेबलाशी बसून बाबांनी सही केली. ती चौकटीत सुरू झाली आणि चौकटीच्या बाहेर जाऊन बसली. शिवा पंख्याकडे बघायला लागला, मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. हेतलनं दुसरा कागद पुढे सरकवला, चौकटीच्या कडेला स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाली, "काका, प्रिंटच खराब आली होती. इथपासून करा." बाहेरची माणसंसुद्धा आमच्यात इतक्या लवकर मिसळतात.

नवं आरसी बुक घरी आलं त्या दिवशी बाबांनी पेढे आणले. आमच्याकडे गाडीच्या मागच्या काचेवर घरातल्या कोणाचं नाव नसेल तर ती गाडी घरची वाटत नाही. त्यांनी स्वतः उभं राहून काचेवरचं 'बुधाजी' खरवडून काढायला लावलं आणि लाल अक्षरांत 'कीर्ती' लावून घेतलं. नारळ फोडला. सासूबाईंनी चाकांना हळदकुंकू वाहिलं. शिवा माझ्या कानाशी म्हणाला, "सुटलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हॉर्न वाजला. मी बाल्कनीतून पाहिलं. बाबा पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसले होते.

"चला मालकीणबाय," ते वर बघून म्हणाले, "डायवर आलाय."

आमचं चुकलं ते इथे. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेत कसतो दुसराच, असं ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललं, त्या घरातल्या माणसाला आम्ही कागद करून गाडीतून उतरवायला निघालो होतो. नाव तिचं, गाडी तिची, हे त्यांना शंभर टक्के मान्य होतं. चालवण्याचा आणि त्याचा काय संबंध? शिवानं हळूच म्हणून पाहिलं, "तिला चालवू द्या की." तर म्हणे, "हात बसूदे तिचा. तवर मी हाय."

कीर्ती त्यांच्याबरोबर कामावर गेली. रोज जायला लागली. एका संध्याकाळी ती आली ती चपला न काढता सोफ्यावर बसून राहिली.

"काय गं?"

"काही नाही. स्कूटर होती डावीकडून. एक बाई, मागे तिची शाळेतली मुलगी. मी ओरडले म्हणून ब्रेक लागला."

"आजा काय म्हणाला?"

"म्हणाला, आजकालच्या बायका कुठूनपण घुसतात."

रात्री मी शिवाला सांगितलं. त्यानं मोबाइल चार्जिंगला लावला. मग म्हणाला, "रविवारी बोलतो."

रविवारी जासईला सासूबाईंच्या बहिणीकडे साखरपुडा होता. त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ट्रेलर. बाबा आधीच गाडीत जाऊन बसले होते, इंजिन चालू. सासूबाई मागे बसल्या. मी मागे बसले. शिवा आला आणि पुढचं दार ओलांडून मागेच शिरला. मग कीर्तीही आली आणि आमच्या मांड्यांवर अर्धी टेकली. पुढची सीट रिकामी.

"पुढं काय काटे हायत?" बाबा म्हणाले.

"मला एसीचा वारा सोसत नाय," सासूबाई म्हणाल्या.

"साडी चुरगळते, बाबा," मी म्हटलं. चौघांच्या रेट्यात बसून.

"माझा गुडघा," शिवा म्हणाला, आणि गुडघ्याचं पुढे काय ते सांगितलंच नाही.

बाबा मधल्या आरशात बघत राहिले. समोरचं त्यांना दिसतं, तेव्हा आमची तोंडं नीट दिसत असणार. कीर्ती दार उघडून उतरली, पुढे गेली आणि डावीकडच्या उघड्या खिडकीत वाकून उभी राहिली. हात लांब केला असता तर बाबांच्या खांद्याला लागला असता.

बाबा आरशातच बघत होते. "कुठं गेली ती?" त्यांनी आम्हाला विचारलं. "वर काय राहिलं का तिचं?"

शिवानं मान खाली घातली. सासूबाईंनी माझा हात धरला.

"मी इथेच आहे, आजा," कीर्ती म्हणाली.

ते दचकून वळले. तिनं आत हात घालून त्यांच्या मनगटावर ठेवला.

"गाडी माझ्या नावावर आहे, म्हणून मीच सांगते," ती म्हणाली. "तुला दिसत नाही."