तेरावा महिना नसतो

मास्तरने क्वेरी पुन्हा चालवली. एकोणीस. मघाशीही एकोणीसच आल्या होत्या. त्याने तळहात पँटला पुसला.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण कॉलेजचं तोंडही न बघता तो कॉम्प्युटर शिकला होता. डिसेंबरात दोर बदलायच्या जुन्या तारखा नव्या डेटाबेसमध्ये त्यानेच आणल्या. जुन्या नोंदीत आधी दिवस, मग महिना. त्याच्या क्वेरीने आधी महिना धरला. तपासायला त्याने बहिणीच्या लग्नाची तारीख टाकली होती, सत्तावीस. ती बरोबर आली. तेरावा महिनाच नसतो, तर सत्ताविसावा कुठला. कॉम्प्युटरने ती आपणच उलटवून घेतली. बारापर्यंतच्या तारखांना मात्र कुणी अडवलं नाही. सहा फेब्रुवारीचा दोन जून झाला.

आता एप्रिल अर्धा सरला होता. एकोणीस इमारतींत कधीच बदलायला हवा होता तो पोलादी दोर तसाच लटकत होता, आणि माणसं वर-खाली करत होती.

बाहेर लिफ्ट थांबल्याची टिंग झाली. मास्तर दचकला.

"काय रे, भूत बघितलंस का?" तक्रारींचे फोन घेणाऱ्या ताईने विचारलं.

"उकडतंय, ताई."

"एसीखाली बसून?"

तो यादी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला. त्याने चूक सांगितली. साहेबांचं बोट यादीवरून खाली सरकत एका ओळीवर थांबलं.

"ही तर आपलीच इमारत."

"हो साहेब. सहा फेब्रुवारी."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग सांगूही नकोस. तारखा दुरुस्त कर. महिन्याभरात एकेक दोर गुपचूप बदलून टाकू."

"तोवर लिफ्ट बंद ठेवायला..."

"काय सांगायचं लोकांना? आमच्या मास्तरला महिने येत नाहीत? तुझी नोकरी जाईल, वर माझी मान अडकेल." ते हसले. "अरे, दोर असा तुटतो होय? घाबरट कुठला!"

मास्तरलाही हेच ऐकायचं होतं. जागेवर येऊन त्याने क्वेरी दुरुस्त केली. मुदत टळलेल्या एकोणीस तारखा लाल झाल्या. त्याने स्क्रीन बंद केला.

साडेपाचला साहेब बॅग घेऊन निघाले. ताई लिफ्टमध्ये उभी होती, दार पायाने अडवून.

"या साहेब, जागा आहे."

साहेब उंबरठ्याशी आले. लिफ्टच्या छताकडे त्यांची नजर गेली.

"तुम्ही व्हा पुढे. डॉक्टरने चालायला सांगितलंय."

सात मजले. जिन्याचं दार त्यांच्यामागे हळूच मिटलं.

"मास्तर, येतोस ना? पाय अवघडला माझा."

मास्तर लिफ्टच्या दाराशी आला. "ताई, बाहेर या."

"का?"

"आधी बाहेर या."

ती बडबडत बाहेर आली. दार मिटलं. मास्तरने खिशातून यादीची घडी काढली आणि तिच्या टेबलावर पसरली.

"फोन लावायचेत. एकोणीस."

"आत्ता? आणि सांगू काय?"

"लिफ्ट बंद ठेवा म्हणावं. माझी चूक झालीय."

ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग यादीकडे. रिसीव्हर उचलून तिने पहिला नंबर फिरवला. जिन्यातून साहेबांची पावलं अजून ऐकू येत होती. ते भराभर उतरत होते.